चिमीच्या झाडाचा रस

बॅनर बघितला तेव्हाच चिमीला कळायला हवं होतं की आजचा दिवस काही धड जाणार नाही.

'कॅन्सरला हरवणाऱ्या आमच्या लाडक्या भगिनीचे हार्दिक अभिनंदन' असं त्यावर लाल अक्षरांत होतं आणि शेजारी तिचा तिसाव्या वर्षीचा फोटो. चिमी आता अठ्ठावन्न वर्षांची होती. प्रयोगशाळेत तिच्या हाताखाली अकरा जण होते. ती खोलीत शिरली की ते मोबाइल खिशात टाकत आणि मॅडम, मॅडम करत. दादाच्या घरात मात्र पाऊल टाकलं की ती चिमी व्हायची. त्याला इलाज नव्हता.

"दादा, मी कॅन्सरला हरवलेलं नाही."

"बरं."

"चौतीस माणसांना औषध दिलं आणि त्यांना ते झेपलं, एवढंच झालंय. पहिला टप्पा. गुण येतो की नाही हे कळायला अजून पाच-सहा वर्षं तरी जातील."

दादा स्टुलावर उभं राहून बॅनरची दोरी पडद्याच्या दांडीला बांधत होता. तो खाली न बघताच म्हणाला, "एवढं सगळं बॅनरवर मावलं नसतं."

"मावत नाही म्हणून खोटं छापायचं, ही यांच्या खात्यातली सवय," स्वयंपाकघरातून वहिनीचा आवाज आला. "पाणी नियमित येईल, अशी नोटीस आयुष्यभर छापली."

दादानं चौतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात काढली होती आणि निवृत्त झाल्यावरही जगातलं प्रत्येक दुखणं त्याला पाइपाचंच वाटायचं. चिमीनं कॅन्सरच्या संशोधनात जायचं ठरवलं, तेव्हा तो जेवता जेवता म्हणाला होता, "त्यात काय अवघड आहे? गळती शोधायची आणि वरचा कॉक बंद करायचा." घरातले हसले होते. पण गंमत अशी, की चिमीची अर्धी नोकरी तोच कॉक बंद करण्यात गेली. बारा वर्षं ती बस डेपोत आणि कारखान्यांच्या दारात टॉर्च घेऊन उभी राहिली, तंबाखू खाणाऱ्यांना 'आ करा' म्हणत राहिली, बायकांना तपासणीला आणण्यासाठी त्यांच्या नवऱ्यांशी, सासवांशी आणि एकदा तर एका पाळलेल्या हंसाशीही झगडली. त्यातून किती जणांचा रोग होता होता टळला, याची गणती कुणाकडेच नव्हती. जो रोग झालाच नाही, त्याचा बॅनर कोण छापणार?

वर्तमानपत्रवाल्यालाही तिनं तेच चाळीस मिनिटं समजावून सांगितलं होतं. त्यानं मान डोलावून सगळं लिहून घेतलं आणि छापलं, 'पानात दडलंय कॅन्सरचं औषध!'

ते कात्रण दादाच्या फ्रिजवर लावलेलं होतं.

बारा वाजता पाहुणे येणार होते. खुर्च्या कमी पडल्या म्हणून चिमी गॅलरीतली घडीची खुर्ची आणायला गेली आणि जागीच थांबली. गॅलरीत चौदा कुंड्या होत्या. चौदाही कुंड्यांत तिचंच झाड, ज्याच्या पानातून तिनं औषध काढलं ते. सात वर्षांपूर्वी प्रयोगशाळेच्या आवारातलं एक रोप तिनंच दादाला दिलं होतं, जांभळी फुलं छान दिसतात म्हणून. आता एकाच्या जागी चौदा झाली होती आणि फूल एकावरही नव्हतं. न्हाव्यानं एका रांगेत बसवून भादरावीत तशी सगळी शेंड्यापासून सपाट कापलेली.

"वहिनी, या झाडांची पानं कुठं गेली?"

"मला काही विचारू नकोस. मी शपथ घेतलीय."

"कसली?"

"न बोलण्याची. त्याच्या बदल्यात मला नवा मिक्सर मिळाला." वहिनीनं खालच्या फळीवरचा जुना मिक्सर काढला, झाकण उघडलं आणि भांडं चिमीच्या नाकासमोर धरलं. आत हिरवागार थर वाळलेला होता. "मी शपथ मोडत नाहीये हं. मी फक्त मिक्सर दाखवतेय."

चिमीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती वळली, तोच धाकटी बहीण आत घुसली. धाकटी शाळेत गाणं शिकवायची आणि माईक हातात आला की तिचा आवाज मधात बुडवून काढल्यासारखा व्हायचा. "चला, चला! सत्कारमूर्तीच स्वयंपाकघरात? लोक आलेत!"

"धाकटे, दादा हा रस कुणाला देतो?"

"आज नको ना, ताई," धाकटी म्हणाली आणि तिला दंडाला धरून बाहेर घेऊन गेली. तिनं 'कसला रस?' असं विचारलं नाही, हे चिमीच्या लक्षात आलं.

बाहेर इमारतीतली वीसेक माणसं दाटीवाटीनं बसली होती. पहिल्या खुर्चीत अप्पा होते, तिघा भावंडांचे वडील. वय अठ्ठ्याऐंशी, आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेली. कानातलं यंत्र ते स्वतःच खोलायचे आणि जोडायचे, त्यामुळे ते नेमकं केव्हा चालू असतं हे त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नसे. धाकटीनं 'हा सोनेरी क्षण' दोनदा म्हटलं. दादानं चिमीचं लहानपण सांगितलं आणि त्यात मुख्यतः स्वतःचंच सांगितलं. मग चौथ्या मजल्यावरचे टेलरमास्तर उठले.

मास्तर मुळातच किडकिडीत, त्यात सदरा दोन मापं मोठा झालेला. त्यांनी पिशवीतून एक पांढरा कोट काढला, प्रयोगशाळेत घालतात तसा. "माप घेतलेलं नाही, डॉक्टरबाई. जिन्यात एकदा पाहिलं होतं, तेवढ्यावर शिवलाय."

चिमीनं घातला. खांद्यापासून मनगटापर्यंत तंतोतंत. तीस वर्षांत तिला असा कोट मिळाला नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"हे काहीच नाही हो तुमच्या उपकारांपुढे," मास्तर माईकमध्ये म्हणाले आणि त्यांनी कॉलर खाली ओढून मान दाखवली. "इथं लिंबाएवढी गाठ होती. लिम्फोमा म्हणाले, गाठींचा कॅन्सर. सहा वेळा इंजेक्शनं घ्यायची. दोनदा घेतली आणि जीव नकोसा झाला. मग दादांनी तुमच्या पानाचा रस सुरू केला. रोज सकाळी सात ते साडेसात, बाटली दारात! महिन्याभरात गाठ गायब. तिसरं इंजेक्शन घेतलंच नाही मी. घ्यायचं कशाला?"

आता टाळ्या दुप्पट झाल्या. दादा खाली मान घालून लाजत होता. चिमी मात्र मास्तरांच्या डोळ्यांकडे बघत होती. मास्तर आता हातभर अंतरावर होते, खिडकीतलं ऊन सरळ त्यांच्या चेहऱ्यावर पडलं होतं, आणि त्यांच्या डोळ्यांतला पांढरा भाग पांढरा नव्हता. पिवळा होता.

"मास्तर," तिनं विचारलं, "लघवीचा रंग कसा आहे?"

माईक चालू होता.

मास्तरांना शिष्टाचाराची फार चाड. सत्कारमूर्तीनं प्रश्न विचारला, तर उत्तर दिलंच पाहिजे. त्यांनी माईक तोंडाजवळ ओढला. "चहासारखा. कोऱ्या."

"आणि आता," धाकटी मधाळ आवाजात म्हणाली, "आपण केककडे वळू या."

मास्तर केककडे वळले नाहीत. चारचौघांत माणसाला असलं विचारतात का, असं काहीसं पुटपुटत ते घरी निघून गेले. पाहुण्यांनी केक भराभर खाल्ला आणि पंधरा मिनिटांत खुर्च्या रिकाम्या झाल्या. मग स्वयंपाकघरात घरच्यांची सभा भरली.

"त्यांची कावीळ तुझ्या रसानं झालीय," चिमी दादाला म्हणाली.

"तुझ्या झाडाच्या," दादा म्हणाला.

"लोकांसमोर दादाची शोभा केलीस तू," धाकटी म्हणाली. "आठवडाभर राबतोय बिचारा. तुझ्यासाठी!"

"राबतोय कोण आणि दिसतोय कोण," वहिनी म्हणाली.

"पेपरात आलं होतं!" दादानं फ्रिजकडे बोट केलं. "पान कॅन्सरच्या पेशी मारतं. तूच सिद्ध केलंस."

"काचेच्या बशीत, दादा! बशीत भांड्यांचा साबणसुद्धा कॅन्सरच्या पेशी मारतो. तू प्यायला देशील का साबण? हे पान कॅन्सरच्या पेशी मारतं आणि त्याच हातानं यकृताच्याही मारतं. त्या रेणूला एक शेपूट आहे, सगळं विष त्यात. ते शेपूट तोडायला मला नऊ वर्षं लागली. दोनशे वेळा तोडलं, तर दोनशे वेळा औषधच निकामी झालं. आणि तू ते शेपटासकट मिक्सरमधून काढलंस."

"मग गाठ कशी गेली?"

"दोन इंजेक्शनांनी! कष्ट त्यांनी केले आणि टाळ्या तुझ्या पानानं घेतल्या. तिसरं चुकलं. गाठ आता दिसत नाही, म्हणजे गेली असं नाही."

"मीही रोज पितो," दादा छाती काढून म्हणाला. "मला काय झालं?"

"तुम्हाला काय होणार?" वहिनी म्हणाली. "एक घोट घेता आणि उरलेला मोरीत ओतता. पाठ माझ्याकडे करता म्हणून मला दिसत नाही असं नाही."

धाकटी इतका वेळ दादाच्या खुर्चीमागं उभी होती. ती हळूच दोन पावलं बाजूला सरकली. "ताई, हे विष... किती प्यायलं तर बाधतं?"

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"दोन बाटल्या," धाकटी म्हणाली. "मागच्या महिन्यात. दादा म्हणाला, कांतीला चांगला असतो."

"मी म्हणालो, असेल," दादा म्हणाला.

"तू म्हणालास, आहे! दादा, मी तुझ्यावर विश्वास ठेवला!" आणि धाकटी तरातरा चालत चिमीच्या बाजूला येऊन उभी राहिली. दादाच्या बाजूला आता फक्त फ्रिज उरला.

"अजून कोण पितं?" चिमीनं विचारलं.

"कुणी नाही. तिघांना दिला होता, त्यांनी दुसऱ्या दिवशी बाटल्या परत केल्या. कडू लागतो म्हणाले." दादा खुर्चीत खाली घसरला. त्यानं टेबलावरचा केकचा चुरा बोटानं गोळा केला. "तो माणूस जिन्यात बसून ओकत होता, चिमी. इंजेक्शन घेऊन आला आणि दुसऱ्या मजल्याच्या वर चढवेना. मास्तरीणबाई पाठ चोळत होत्या. मी काय नुसता बघत बसू?"

"तुमच्या आईलाही असंच व्हायचं," अप्पा म्हणाले.

त्यांचं यंत्र चालू होतं तर. आई गेली तेव्हा दादा एकोणीसचा होता, चिमी पंधराची. त्या वर्षी दर गुरुवारी दादा सायकल मारत शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचा आणि एका माणसाकडून करड्या पावडरीच्या पुड्या आणायचा. आई त्या पाण्यातून घ्यायची आणि म्हणायची, आज जरा बरं वाटतंय. मग एका गुरुवारी तो पुड्या घेऊन आला आणि दारात माणसं उभी होती. त्यानंतर या घरात पुड्यांचा विषय कुणी काढला नव्हता.

चिमी उठली. "चल वर. मास्तरांना सांगायला हवं."

"तू सांग. तू डॉक्टर आहेस."

"चल म्हटलं ना."

लिफ्टवर 'बंद आहे' अशी पाटी होती. दोघं जिना चढू लागली. तिसऱ्या मजल्यावर दादा कठड्याला धरून थांबला. दम लागला असेल, असं चिमीला वाटलं.

"चिमी, आई पुड्यांमुळे गेली का गं?"

त्रेचाळीस वर्षं या प्रश्नाची ती वाट बघत होती. कधीतरी विचारला जाईल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं, त्यात बरीच आकडेवारी होती. ती सगळी तिनं बाजूला ठेवली.

"नाही," ती म्हणाली. "तिचा आजार सापडला तेव्हाच फार पुढं गेलेला होता. तेव्हा त्यावर औषध नव्हतं, ना डॉक्टरांकडे, ना तुझ्या पुडीवाल्याकडे. आधी तपासलं असतं तर वाचली असती. पाच मिनिटांची तपासणी. पण तेव्हा आपल्याला ती सांगणारं कुणी नव्हतं. तू तिला काही केलं नाहीस, दादा. तू फक्त सायकल चालवलीस."

दादानं खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं. आवाज तीन मजले घुमला.

"म्हणजे मी चुकलो नाही."

"तेव्हा नाही. आता चुकलास. तेव्हाचं माफ, आताचं नाही. चल."

चौथ्या मजल्यावर दार मास्तरीणबाईंनी उघडलं. त्यांनी चिमीला आत घेतलं आणि दादाला आपादमस्तक न्याहाळलं. "आलात का, पानवाले?"

मास्तर मशीनवर बसले होते आणि रागानं कशावर तरी शिवण मारत होते. चिमीनं त्यांना सगळं सांगितलं: यकृत, गाठ, चुकलेलं इंजेक्शन. मशीन काही थांबलं नाही.

"तुम्ही फार मोठ्या आहात, बाई," मास्तर सुईवरची नजर न काढता म्हणाले. "पण तुम्ही बशीतल्या पेशींच्या डॉक्टर. मी जिन्यात ओकत होतो तेव्हा दादा माझ्या शेजारी पायरीवर बसले होते. त्यांनी सांगितलं म्हणून घेतला रस. ते सांगतील तर सोडीन."

सगळ्यांची नजर दादाकडे गेली. दादानं घसा खाकरला. आयुष्यात तो पुष्कळ बोलला होता, पण असं बोलायची त्याला सवय नव्हती.

"मास्तर, नोकरीत मी एकदा चुकीची लाइन जोडली होती. बागेचं पाणी एका शाळेच्या पिण्याच्या टाकीला. तीन दिवस कुणाला पत्ता नव्हता. चौथ्या दिवशी माझ्या एकट्याच्या लक्षात आलं. गप्प बसलो असतो तर पचलंही असतं. पण मी रात्रीची पाळी सोडून गेलो, कॉक बंद केला आणि सकाळी साहेबांना सांगितलं. माझी बढती त्यात गेली. बायकोला अजून माहीत नाही, तिला वाटतं साहेब खडूस होता." त्यानं चिमीकडे बघितलं आणि परत मास्तरांकडे. "तुमचंही तसंच केलं मी. चुकीची लाइन जोडली. मला कळत नव्हतं आणि कळतं असं दाखवलं. आजपासून बाटली बंद."

मशीन थांबलं.

"म्हणजे मी बरा नाही?" मास्तरांनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता.

"अर्ध्या वाटेवर आहात," चिमी म्हणाली. "आणि वाट चांगली आहे. हा रोग या औषधांना पुष्कळदा शरण येतो. पण पुरी सहा घ्यायला हवीत."

"अर्धी शिवण सोडली की दोन धुण्यांत उसवते," मास्तरीणबाई म्हणाल्या. "हे मी महिनाभर सांगतेय. पण माझ्याकडे ना डिग्री, ना कुंड्या. माझं कोण ऐकतो?"

"उद्या सकाळी आठला निघायचं," दादा म्हणाला. "मी येतो बरोबर."

"तुम्ही मागच्या सीटवर बसायचं," मास्तरीणबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि दादाला समोर उभं करून असं काही फैलावर घेतलं, की बाहेरच्या बाकावरची माणसंही सरळ बसली. यकृत ताळ्यावर यायला साडेतीन आठवडे लागले. तेवढे दिवस चिमी रोज सकाळी प्रयोगशाळेत जायच्या आधी फोन करून 'रंग कसा आहे?' एवढंच विचारायची आणि मास्तर संकोच न करता सांगायचे. मग तिसरं इंजेक्शन झालं, थोडं कमी मात्रेचं, आणि पुढची तीन पुऱ्या मात्रेची. दर वेळी दादा बरोबर होता. दर वेळी येताना दुसऱ्या मजल्यावर मास्तर खाली बसायचे, तेव्हा दादा शेजारच्या पायरीवर बसायचा. हातात बादली असायची. बाकी काही नसायचं. धाकटीचं रक्त निर्मळ निघालं आणि ते तिनं सगळ्या शाळेला सांगितलं. कुंड्या चिमीनं त्याच रविवारी स्वतःच्या हातांनी उपटल्या. एकही ठेवली नाही, जांभळ्या फुलांसाठीसुद्धा नाही. बढतीची गोष्ट वहिनीला कळली ती मास्तरीणबाईंकडून. दोन दिवस ती नवऱ्याशी बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी त्याला चहा जरा जास्त दूध घालून दिला.

सहाव्या इंजेक्शनाच्या दिवशी चिमीही गेली होती. आदल्या आठवड्यातल्या तपासणीत गाठीचा मागमूस नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, दर तीन महिन्यांनी येत राहा. मास्तर खाटेवर टेकून बसले होते, डोक्यावर एकही केस नव्हता. त्यांच्या हाताच्या शिरेत नळीतून लाल औषध थेंब थेंब उतरत होतं. दादा त्या नळीकडे बारकाईनं बघत होता. थेंबाचा वेग बरोबर आहे ना, याची त्याला दर वेळी शंका यायची आणि दर वेळी नर्स त्याला बाकावर नेऊन बसवायची.

"दादा," मास्तर म्हणाले, "हे औषध शोधलं कुणी? तुमच्या बहिणीनं?"

चिमी पलीकडच्या खुर्चीत फॉर्म भरत होती. तिचं पेन थांबलं.

"नाही," दादा म्हणाला. त्यानं जरा विचार केला. "पण असेल कुणाची तरी बहीण."

मास्तरांनी मान मागं टेकवली आणि नळीकडे बघत राहिले.

"हात पक्का होता बाईचा," ते म्हणाले.